मैनाकाकांचं रशियन

माझ्या काकांना रशियन येतं, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. किती येतं, हे मात्र कुणी कधी तपासलं नव्हतं. तपासायला रशियन माणूस लागतो, आणि तो आमच्या गल्लीत कशाला मरायला येईल? त्यामुळे काकांचं रशियन वर्षानुवर्षं सुखाने नांदत होतं.

काका अवजड यंत्रांच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. रस्त्यावर दिसते ती क्रेन नव्हे. लांबलचक शेडमध्ये, छपराच्या जरा खाली, दोन भिंतींवरच्या रुळांवरून सरकणारी. तिच्या पोटाशी लटकलेली काचेची केबिन, केबिनमध्ये एक खुर्ची, दोन्ही हातांशी दांडे आणि खुर्चीत काका. सकाळी शिडी चढून वर गेले की थेट जेवणाच्या सुट्टीलाच खाली उतरायचे. वरून त्यांना खालच्या माणसांची फक्त डोकी दिसत, आणि खालच्यांना काका दिसतच नसत.

ते तरुण असताना कारखान्यात एक अगडबंब प्रेस आला. तो रशियाचा होता आणि तो बसवायला फिटरही रशियाहून आले होते. त्यांच्याबरोबर दुभाष्या होता, पण तो साहेबांच्या खोलीत चहा पीत बसायचा. शेडमध्ये खालून रशियन फिटर हात वर करून ओरडणार आणि वरून काका ऐकणार, मध्ये कुणी नाही. ‘वीरा’ म्हणजे वर उचल. ‘मैना’ म्हणजे खाली सोड. पहिल्या दिवशी ‘मैना, मैना’ असा ओरडा झाला तेव्हा काका म्हणे छपराकडे पक्षी बघत बसले होते आणि कित्येक मणांचं लोखंड हवेत लोंबकळत होतं. तेव्हापासून ते शेडमध्ये मैना, आणि घरी आम्हा मुलांचे मैनाकाका.

मग हळूहळू बाकीचे शब्द गोळा झाले. ‘पामालू’ म्हणजे हळूहळू. ‘ताक’ म्हणजे हं, बरोबर, असंच. हा शब्द ते फिटर इतक्यांदा म्हणत की कँटीनवाल्या बिचाऱ्याने एकदा चांगल्या मनाने प्रत्येकापुढे पेलाभर ताक आणून ठेवलं. ‘इश्शो’ म्हणजे आणखी, अजून थोडं. एवढा धिप्पाड गडी, हातात पाना, अंगभर ग्रीस, आणि दर दोन मिनिटांनी लाजल्यासारखा ‘इश्शो’ म्हणतो, हे सांगताना काका अजून हसून हसून बेजार होत. ‘पिरिकूर’ म्हणजे काम थांबवून सिगारेट ओढणं. एवढ्यासाठी या लोकांनी वेगळा शब्द काढला, म्हणजे ही माणसं मुळातच शहाणी, असं काकांचं मत होतं. ‘खराशो’ म्हणजे छान. आणि सगळ्यात लाडका शब्द ‘दावाय’. दावाय म्हणजे दे. दावाय म्हणजे चल. शिवाय सुरू कर, बरं, ठरलं, येतो मी, आणि आता उशीर कशाला. हा एक शब्द आला की निम्मं रशियन आलं, असं ते छाती पुढे काढून सांगत.

फिटर गेले, शब्द राहिले. पुढे कामाला लागलेली, जन्मात रशियन माणूस न पाहिलेली मुलंही त्या शेडमध्ये वीरा आणि मैना म्हणूनच माल उचलत. पण शेडबाहेर रशियनची मक्तेदारी काकांची. कुणाकडे चार माणसं जमली की कुणीतरी टूम काढायचं, "काका, जरा रशियन होऊन जाऊ द्या." काका आढेवेढे घ्यायचे, घसा साफ करायचे आणि मग जे सुटायचे ते विचारू नका. वीरा, पामालू, ताक-ताक, इश्शो, खराशो, आणि मधल्या फटी ‘स्क’, ‘श्च’, ‘व्ना’ असल्या आवाजांनी भरलेल्या. ऐकणाऱ्याला वाटावं, एखादा मंत्री भाषण ठोकतोय.

मला एरवी फुशारकीचा मनस्वी राग येतो. मी केस कापते. माझ्या खुर्चीत बसून लोक इतक्या बढाया मारतात की कधीकधी कात्री कानाकडे वळवावीशी वाटते. पण काकांच्या फुशारकीने कुणाचं काही बिघडत नव्हतं. निवृत्त झालेला माणूस, खालून हाका मारणारं आता कुणी नाही, मिरवू दे की थोडं. शिवाय मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते आणि काकूच्या हातचं निम्मं जेवण माझ्या पोटात जातं, म्हणून तोंड बंद.

मग दादाने घोळ घातला. दादा म्हणजे काकांचा एकुलता एक मुलगा, जहाजावर इंजिनच्या कामाला. लांबच्या एका बंदरात त्याचा हात वाफेने भाजला, तिथल्या दवाखान्यातल्या नर्सने पट्टी बांधली, आणि पुढच्या प्रत्येक फेरीला हा पठ्ठ्या कुठे ना कुठे खरचटवून घेऊन तिच्यापुढे हजर. शेवटी लग्न करूनच घरी आला. मुलगी रशियन.

ती यायच्या दिवशी काकांच्या घरात सगळी गल्ली लोटली होती. नवी सून बघायला कमी, काकांचं रशियन ऐकायला जास्त. वहिनी दारातून आत आली, उंच, गालावर तीळ, हातात काकूसाठी आणलेली शाल. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका उभे राहिले आणि सुटले. वीरा, पामालू, ताक, मैना, इश्शो, पिरिकूर, खराशो.

वहिनी ऐकत राहिली. तिच्या भुवया जरा वर गेल्या. मग तिने रशियनमध्ये एक लांबलचक वाक्य म्हटलं. काका म्हणाले, "खराशो." आणि वहिनी आमच्याकडे वळून, दादाने शिकवलेल्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "बाबा खूप छान बोलतात."

लोकांनी माना डोलावल्या. मी मात्र तिचा चेहरा पाहिला होता. आठवड्याभराने तिला केस कापायला म्हणून दुकानात नेलं आणि खुर्चीत बसवून विचारलं, "खरं सांग, काय म्हणाले ते?"

"म्हणाले, हळू उचल. बरोबर. खाली सोड. अजून सोड. आता सिगारेट. छान."

"आणि तू काय उत्तर दिलंस?"

"मी म्हटलं, बाबा, मी लांबून आले, मला भीती वाटते, पण तुम्ही मला माझ्या घरचे शब्द ऐकवले. मग ते म्हणाले, छान." ती आरशातून माझ्याकडे पाहत होती. "कुणाला सांगू नका. त्यांनासुद्धा नाही."

त्या दिवशी ही बाई मला मनापासून आवडली. तिने फक्त एक केलं. काकांच्या साठ्यातला एक शब्द, जो फिटर बोटावर हातोडी बसली की म्हणायचे, तो त्यांना बाजूला घेऊन बंद करायला लावला. काका तो शब्द गेली कित्येक वर्षं ‘अरेच्चा’ समजून चारचौघांत वापरत होते.

वहिनी शिकत गेली तशी घरात दोन्ही भाषांची चेष्टा सुरू झाली. मी तिला विचारलं, आमचं बोलणं पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा कसं वाटलं? ती म्हणाली, "जिन्यावरून कुणीतरी बटाटे सोडलेत." हा सगळा ट, ठ, ड आणि ळ यांचा प्रताप. ळ तर तिला आजतागायत जमलेला नाही. उलट आम्हाला तिची भाषा अशी वाटायची की बोलणाऱ्याला थंडी वाजतेय आणि तो ती दातांत दाबून धरतोय. ती आईला ‘मामा’ म्हणायची, त्यामुळे काकूला बरेच दिवस वाटत होतं की मुलीला आईपेक्षा मामाचा लळा फार. ‘भूक लागली का’ विचारलं की ती तिच्या भाषेतला वाक्प्रचार जसाच्या तसा आपल्या भाषेत आणून म्हणायची, "हो नाही बहुधा." काकू पळी हवेत धरून उभी. शेवटी कळलं की याचा अर्थ नको, पण आग्रह केलात तर बघू.

काही गोष्टी मात्र जमून गेल्या. आपण खांद्यापासून बोटांपर्यंत सगळ्याला हात म्हणतो, तसंच तेही म्हणतात. मुलीचा सासरा आणि तिचे आईवडील यांच्या नात्याला त्यांच्याकडेही खास शब्द आहे. व्याही म्हणजे ‘स्वात’. हे ऐकून काकू खूश झाली, "म्हणजे माणसांची किंमत असणारी भाषा आहे." आणि एकदा वहिनीने सांगितलं की जर्मन माणसाला त्यांच्याकडे जे म्हणतात तो शब्द ‘मुका’ या शब्दावरून आलाय. पूर्वी जो परका आपली भाषा बोलत नाही, तो मुकाच समजायचे. यावर काका म्हणाले, "पण मुक्याला ऐकू येत असतं."

आता रविवारचे फोन. वहिनीला इथल्या इस्पितळात नोकरी लागली आणि रविवारी सकाळची पाळी आली. तिचा जुना मोबाइल घरातच असायचा आणि आईचे फोन त्यावरच यायचे. आईला पाळीबिळी लक्षात राहत नसे, ती आपली रविवारी सकाळी फोन करायची. दादा जहाजावर. काकू फोनला हात लावायची नाही, पलीकडून रशियन आलं तर काय घ्या. मग उचलायचे काका.

मी एका रविवारी साखर मागायला वर गेले, तर काका खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसलेले. उजव्या हातात फोन, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर. पलीकडून बाईंचं बोलणं अखंड चाललेलं. मध्येच श्वास घ्यायला थांबल्या की काका म्हणायचे, "ताक, ताक." बाई पुढे बोलायच्या. जरा अडखळल्या की काका हलकेच, "पामालू." म्हणजे सावकाश. पुन्हा थांबल्या की, "इश्शो?" म्हणजे आणखी? आणि शेवटी, "खराशो. दावाय." डावा हात सबंध वेळ आपसूक दांडा पुढेमागे करत होता. खाली गॅसवर ठेवलेलं माझं सगळं दूध उतू जाईपर्यंत बाई बोलत होत्या.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काका, काय म्हणत होत्या विहीणबाई?"

"असंच. घरचं."

"म्हणजे काय?"

"अगं, सगळं सांगायचं असतं का दुसऱ्याला?" असं म्हणून त्यांनी मला उडवून लावलं. पण मग जरा वेळाने आपणहून म्हणाले, "बाईचा आवाज चांगला आहे. आधी फार खाली बसलेला असायचा. हल्ली उचललाय."

आवाजाचं त्यांना कळायचं, हे मी मान्य करते. आयुष्यभर खालून येणाऱ्या ओरडण्यावरून त्यांना ओळखावं लागे की खालचा माणूस दमलाय, घाबरलाय की प्यायलाय. शब्द चारच असायचे. बाकी सगळं आवाजात.

हे असं बरेच महिने चाललं. मग एक दिवस वहिनी नाचत खाली आली. मामा येतेय. म्हणजे आई. दादाही सुट्टीवर घरी होता. काकूने पडदे धुतले, काकांनी दाढी कोरली, आणि माझी गाडी मोठी म्हणून विमानतळावर जायचं माझ्याकडे आलं.

विहीणबाई बाहेर आल्या. ठेंगण्या, गोल, केस आखूड आणि कापणाऱ्याने मन लावून कापलेले, ते मला पहिल्या नजरेत दिसलं. त्यांच्यामागे एक लांबलचक म्हातारे गृहस्थ दोन बॅगा ओढत येत होते. वहिनीला वाटलं, कुणीतरी भला प्रवासी मदत करतोय. तिने आईला मिठी मारली, त्या गृहस्थांना ‘स्पासीबा’ म्हणजे धन्यवाद म्हटलं आणि त्यांच्या हातातून बॅगा घेतल्या. गृहस्थ गेले नाहीत. तिथेच उभे राहून टोपी हातात फिरवत राहिले.

विहीणबाई तोवर थेट काकांकडे गेल्या. त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "स्वात!" आणि डोळे भरून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्या लांब गृहस्थांना कोपराला धरून पुढे ओढलं आणि काहीतरी म्हणाल्या. वहिनीच्या हातातली बॅग खाली पडली.

"खराशो," काका म्हणाले.

गाडीत काका सगळ्यात मागे बॅगांशेजारी बसले. आरशातून मला दिसत होतं, वहिनी एका खिडकीतून बाहेर बघतेय, तिची आई दुसऱ्या खिडकीतून, आणि मध्ये ते गृहस्थ गुडघे छातीशी घेऊन बसलेत. दादाने पुढच्या सीटवरून मला हळूच सांगितलं, "आईने लग्न केलंय. याच्याशी. ट्राम चालवायचा म्हणे. हिला पत्ता नाही."

घरी पोचल्यावर मायलेकी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लागलं. आम्ही बाहेरच्या खोलीत. काका, काकू, दादा, मी आणि ट्रामवाले. आतून भांडण ऐकू येत होतं. परक्या भाषेतलं भांडण ऐकणं फार चमत्कारिक असतं. शब्द कळत नाहीत म्हणून त्यात रस घेता येत नाही, आणि कोण रडवेलं झालंय ते लगेच कळतं म्हणून कान बंदही करता येत नाहीत. ट्रामवाल्यांना सगळं कळत होतं. ते बिचारे चहाच्या कपात बघत होते.

"अहो," काकू काकांना म्हणाली, "काय म्हणतायत त्या?"

"घरगुती आहे."

"घरगुतीच असणार, स्वयंपाकघरात आहेत. पण काय?"

काकांनी डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. आतून एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि तो आम्हा सगळ्यांना ओळखीचा होता. विहीणबाई म्हणत होत्या, दावाय. स्वात, दावाय. स्वात, दावाय.

दार उघडलं. वहिनीचे डोळे लाल झाले होते. ती काकांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, ती म्हणते, तिने तुम्हाला सगळं सांगितलं. दर रविवारी. हा माणूस कसा भेटला, किती दिवस विचार करतेय, लोक काय म्हणतील, मुलगी काय म्हणेल, माझे वडील जाऊन किती वर्षं झाली. म्हणते, मी स्वातना विचारलं, करू का? आणि ते म्हणाले, दावाय."

खोलीत सगळे काकांकडे बघू लागले. काकूचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" ती म्हणाली. "इतके महिने? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

आता सांगते काकांची काय अडचण झाली होती. हो म्हटलं, तर सुनेपासून तिच्या आईचं लग्न लपवून ठेवणारा सासरा ठरणार, वर बायको जन्मभर ऐकवणार. नाही म्हटलं, तर ज्या रशियनवर सगळं आयुष्य मिरवलं ते तिथल्या तिथे संपणार. आणि त्याहून वाईट म्हणजे दारात विहीणबाई उभ्या होत्या. त्यांना आमचं काही कळत नव्हतं, पण त्या काकांकडे अशा विश्वासाने बघत होत्या, की जणू निर्णय काकांचाच असावा. ज्याच्या भरवशावर या बाईने एवढं पाऊल उचललं, त्याला तिचं अक्षरही कळलेलं नव्हतं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? वहिनीला तर खरी गोष्ट ठाऊक होती. ती रागावली होती आईवर. ती एक शब्द बोलली असती तर काकांचं पितळ उघडं पडलं असतं. पण इतक्या रागातही ती ते बोलली नाही, नुसती वाट बघत राहिली.

मला काकांसाठी फार वाईट वाटलं. मी मध्ये काहीतरी बोलून विषय बदलणार होते, तेवढ्यात ते उठून उभे राहिले.

"मला रशियन येत नाही," काका म्हणाले.

"काय?" काकू म्हणाली.

"येत नाही. वर घे, खाली सोड, हळू, आणखी, एवढं येतं. विहीणबाई बोलायच्या त्यातलं मला काही कळलं नाही. एकसुद्धा शब्द नाही. गप्प बसलं तर बरं दिसत नाही, म्हणून मी आपले माझे शब्द म्हणत होतो." ते वहिनीकडे वळले. "पोरी, तुझा काही दोष नाही आणि तिचाही नाही. मी क्रेनवर इतकी वर्षं काढली. खाली कोण उभं आहे ते बघितल्याशिवाय कधी माल सोडला नाही. इथे मात्र न बघता सोडला. तिला सांग."

वहिनी हळूच म्हणाली, "बाबा, हे नको सांगायला. मी दुसरं काहीतरी सांगते."

"नाही. जसंच्या तसं सांग." आणि पुढे, "एवढं मात्र सांग, की शब्द कळत नव्हते, पण पहिल्या रविवारी त्यांचा आवाज रडका होता, आणि हल्ली त्या हसायला लागल्या होत्या. ते कळत होतं. म्हणून मला वाटलं, जे काय चाललंय ते बरं चाललंय."

असं म्हणून ते बसले. मला वाटतं, एवढी माणसं समोर असून काकांनी रशियनचा एक शब्दही न वापरल्याची ती पहिलीच वेळ होती.

वहिनीने सांगायला सुरुवात केली. ती काही गाळत नव्हती, ते मला मध्येमध्ये येणाऱ्या वीरा आणि मैनावरून कळत होतं. ट्रामवाल्यांनी कप खाली ठेवला. विहीणबाई मान जरा तिरकी करून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा पडेल, त्या दुखावतील, निदान रागावतील म्हणून आम्ही श्वास रोखून बसलो होतो. काकू तर काकांच्या वतीने माफी मागायला अर्धी उठलीच होती.

विहीणबाई हसल्या. मग त्यांनी काकांशेजारची खुर्ची ओढली, बसल्या, आणि त्यांच्या डाव्या हातावर हात ठेवून बोलू लागल्या. आज पामालू म्हणायला कुणी नव्हतं, तरी सावकाश बोलत होत्या. वहिनी एकेक वाक्य आम्हाला सांगत गेली.

"म्हणते, मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं. मी रडत होते, आणि हे म्हणाले, आता सिगारेट ओढ."

दादा फस्सकन हसला. काकूने त्याला दटावलं.

"म्हणते, तेव्हा मी फोन ठेवणार होते. मग वाटलं, थांबावं. हा माणूस म्हणतो, आणखी. घाईही करत नाही. मी एवढी वर्षं एकटी राहिले, मला आणखी असं कुणी म्हटलं नव्हतं."

काका जमिनीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"म्हणते, लग्न मी ठरवलं, त्यांनी नाही. त्यांना सांगता सांगता मला माझंच ऐकू आलं. मी किती वेळा या माणसाचं नाव घेते ते." वहिनीचा आवाज आता खाली आला होता. "म्हणते, माझ्या दोन बहिणी आहेत. दोघींना रशियन उत्तम येतं. म्हणून त्यांना अजून काही सांगितलेलं नाही."

यावर ट्रामवाले पहिल्यांदा मोठ्याने हसले, आणि न कळताच काकूही हसली, आणि मग कळल्यावर पुन्हा हसली. वहिनी मात्र हसली नाही. तिने आईला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं, अगदी थोडक्यात. प्रश्न काय होता ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. लेक आईला दुसरं काय विचारणार? आणि मला? मला का नाही सांगितलंस?

आईने उत्तर दिलं. तेही थोडक्यातच. वहिनी तिथेच खाली बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. विहीणबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. दादाने ट्रामवाल्यांना चहा हवा का विचारलं आणि ते हो नाही बहुधा अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाली गं आई?" काकूने शेवटी न राहवून विचारलं.

वहिनीने डोकं उचललं नाही. तशीच म्हणाली, "म्हणाली, तुला तर माझं सगळ्यात जास्त कळतं."